सुजाता आणि खांबापाशी बसलेली बाई

सुजाता,

तू गेलीस त्याला अजून महिनाही झाला नाही, आणि तुझ्याशी भांडायची माझी सवय काही जात नाही. परवा ट्रेनमध्ये समोरच्या माणसाच्या पेपरात अथेन्सच्या सहलीची जाहिरात होती. निळं आकाश, पांढरे खांब, आणि चित्रात एकही माणूस नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता ही सुरू होणार: "बघ मीनल, पुन्हा सगळ्यांना हाकलून दिलं." मी उत्तरसुद्धा तयार केलं. मग लक्षात आलं की ते द्यायचं कोणाला.

तू काय करायचीस, असं इथले लोक विचारतात, तेव्हा मला नीट सांगता येत नाही. "ओल्ड फोटोग्राफ्स," म्हटलं की त्यांना लग्नाचे अल्बम वाटतात. मग सांगावं लागतं की कॅमेरा अगदी नवा होता तेव्हा काही माणसं जड पेट्या, काचा आणि औषधांच्या बाटल्या घेऊन ग्रीसला गेली, तिथल्या मोडक्या देवळांचे फोटो काढून इकडे घेऊन आली, आणि त्यातले थोडे लंडनमधल्या एका संग्रहाच्या तळघरात आहेत. त्यांना बुरशी लागू नये, ते चिरू नयेत, कोणता फोटो कुठला हे लिहिलेलं असावं, हे तुझं काम. आणि एवढं सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. नागपूरची मुलगी तिथं कशी पोचली?

खरं तर तू बँकेत आली होतीस. आपण दोघी ईलिंगच्या त्या घरात वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टवर आलेली, तू नागपूरहून. पहिल्याच रविवारी तू मसाला भाजायला घेतलास आणि स्मोक अलार्म वाजायला लागला. घरमालकीण धावत वर आली. तू हातात उलथनं घेऊन तिला शांतपणे म्हणालीस, "इट इज नॉट फायर. इट इज लंच." मी जिन्यात उभी राहून हसत होते. मैत्री तिथूनच झाली असावी.

बँक सोडायचं तू मला सांगितलंस ते कपडे वाळत घालताना. संध्याकाळचा एक कोर्स करत होतीस, जुने कागद आणि फोटो जतन करायचा, आणि मला वाटत होतं तो छंद आहे.

"बँकेत मी दिवसभर रिस्क मोजते," तू म्हणालीस. "म्हटलं, एक घेऊनही बघावी."

त्या दिवशी तू फोनकार्ड घेऊन नागपूरला फोन लावलास. तुझ्या बाबांचा इंदोऱ्यात छोटा फोटो स्टुडिओ होता. आई तू कॉलेजात असतानाच गेली होती, त्यामुळे जे काय सांगायचं ते बाबांनाच. ते म्हणाले, "फोटोचंच काम करायचं होतं, तर आपलं दुकान काय वाईट होतं?" फोन ठेवून तू हसलीस, आणि मग खूप वेळ मोजे एकेक करून दोरीवर लावत राहिलीस.

बाबांच्या दुकानाबद्दल तू किती सांगायचीस. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो लोक यायचे, तेव्हा बाबा बाहेर कनात लावायचे. मागं रंगवलेला स्तूप, पुढं एक बाक. खेड्यांतून आलेली कुटुंबं आयुष्यातला पहिला फोटो तिथं काढायची. तुझं काम पोरांचे भांग पाडायचं आणि सगळ्यांना सांगायचं की हलू नका. "म्हाताऱ्या बाया श्वास रोखून धरायच्या," तू सांगायचीस. "बाबा म्हणायचे, अहो आई, श्वास घ्या, कॅमेऱ्याला चालते."

तू मला पहिल्यांदा त्या तळघरात नेलंस तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तुझी बॉस हेलन जेवायला गेली होती. तू हातमोजे घातलेस आणि उजेडाच्या टेबलावर एक कागद ठेवलास. मेण चोळलेला कागद, तपकिरी, जुन्या पापडासारखा. ती निगेटिव्ह होती. आकाश काळं, संगमरवर काळा, सावल्या मात्र उजळ. जरा वेळानं डोळ्यांना सवय झाली आणि मला ओळखू आली अथेन्सची टेकडी, अ‍ॅक्रोपोलिस. पण तिच्यावर एक चौकोनी, उंच, ओबडधोबड बुरूज होता. तो मी कुठल्याच चित्रात पाहिला नव्हता.

"हे काय मधेच?"

"मधल्या काळातला आहे. वर किल्ला होता, चर्च होतं, मशीद होती, लोकांची घरं होती. शेकडो वर्षं लोक राहिले. मग एक एक करून सगळं पाडलं. हा बुरूजही पाडला."

"बरं केलं," मी म्हणाले. "मूळ तरी दिसायला लागलं."

तू मान वर केलीस. तुझा तो चेहरा पुढं मला किती वेळा बघायला मिळाला. "मूळ म्हणजे कोणतं? कोणाच्या आधीचं?"

मी म्हणाले, जुना कोड साफ केल्याशिवाय खालची रचना कळत नाही. तू म्हणालीस, "कोडमध्ये कोणी संसार नाही करत, मीनल."

हे भांडण आपण पुढं वर्षानुवर्षं केलं. ईलिंगच्या किचनमध्ये केलं, मी अजयशी लग्न करून स्टॅनमोरला राहायला गेले तेव्हा तिथल्या सोफ्यावर केलं, वॉटफर्डला कोणाच्या तरी हाऊसवॉर्मिंगला प्लेट हातात धरून केलं. मी म्हणायचे, सगळंच ठेवायचं तर देऊळ दिसणार कसं? तू म्हणायचीस, देऊळ दिसावं म्हणून माणसं उठवायची, हा हिशेब मला माहीत आहे, तो आम्ही दुसऱ्या बाजूनं पाहिला आहे. मग अजय म्हणायचा, "कोणाला आइस्क्रीम हवंय का?"

आणि मग ती बाई सापडली.

झ्यूसच्या देवळाचा फोटो होता. प्रचंड खांब, आणि वरच्या तुळईवर, कोणाला खरं वाटणार नाही अशा उंचीवर, एक दगडी खोपटं. तिथं कोणे एके काळी एक संन्यासी राहायचा, लोक त्याला टोपलीतून जेवण वर पाठवायचे, हे तू मला अशा थाटात सांगितलंस की जणू तो तुझ्या गल्लीतला. ते खोपटंही नंतर काढून टाकलं. पण तू भिंग धरून खाली बघत होतीस. एका खांबाच्या पायथ्याशी एक बाई बसलेली. डोक्यावरून ओढणीसारखं काहीतरी घेतलेलं, हात मांडीवर. तोंडाच्या जागी नुसता धुरकट डाग.

"हिनं मान वळवली," तू म्हणालीस. "तेव्हा फोटोला मिनिटं लागायची. चालती माणसं तर उमटायचीच नाहीत, नाहीशी व्हायची. ही बसून राहिली म्हणून राहिली."

तू त्या फोटोच्या नोंदीत एक ओळ घातलीस: खांबाशी एक स्त्री बसली आहे, तिचा चेहरा हलला आहे. हेलननं ती काढून टाकली. "द सब्जेक्ट इज द टेम्पल, सुजाता," ती म्हणाली, रागानं नाही, समजावून. तू पुन्हा घातलीस. तिनं पुन्हा काढली. बरेच महिने हे चाललं. शेवटी हेलन थोडी नमली आणि तिनं स्वतः लिहिलं, "विथ फिगर, फॉर स्केल." म्हणजे खांब किती मोठे आहेत ते कळावं, म्हणून शेजारी एक माणूस.

त्या संध्याकाळी तू थेट माझ्याकडे आलीस, कोटसुद्धा न काढता खुर्चीवर बसलीस. "बाई काय फूटपट्टी आहे का?" असं म्हणालीस आणि रडलीस. मी तुला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, फोटोग्राफरनं तिला खरंच मापासाठीच बसवलं असेल. "असेल ना," तू म्हणालीस. "त्यानं बसवलं असेल. ती कशाला बसली, ते कोणी विचारलं का?"

ऑलिम्पिक होऊन गेल्यावरच्या फेब्रुवारीत आपण स्वस्तातली तिकिटं काढून अथेन्सला गेलो. तू मला पहाटेच उठवून समोरच्या टेकडीवर नेलंस, कारण तो जुना फोटोग्राफर तिथं उभा राहिला होता अशी तुझी खात्री होती. पार्थेनॉनवर, वरच्या त्या मुख्य देवळावर, दुरुस्तीचे लोखंडी पहाड बांधलेले, मधोमध क्रेन. मी निराश झाले. तू खूश होतीस. "निदान माणसं काम करून राहिली तिथं," म्हणालीस.

दुपारी झ्यूसच्या देवळात गेलो. वादळात पडलेला एक खांब तिथं आडवा आहे, मुळ्याच्या चकत्या पसरल्यासारखा. उभ्या खांबांना दोरी लावलेली, जवळ जाता येत नव्हतं. तू दोरीपाशीच गवतात बसलीस. ऊन तुझ्या तोंडावर होतं. मी पिशवीतून डिजिटल कॅमेरा काढला.

"नको," तू म्हणालीस.

"अगं एक. ती बाई बसली होती तसंच दिसतंय."

"मीनल, नको म्हटलं ना. दगडांचा काढ."

मी चिडले. म्हटलं, जगभरच्या फोटोंतली माणसं तुला हवीत आणि स्वतः मात्र कधी फोटोत यायचं नाही, हा कुठला न्याय? तू गवत उपटत राहिलीस. मग सांगितलंस. लग्नासाठी बाबा तुझे फोटो काढायचे. निळी साडी, गुलाबी साडी, खुर्चीला धरून, पुस्तक हातात घेऊन. फोटो जायचा, आणि काही दिवसांनी परत यायचा. कधी रंग सावळा म्हणून, कधी उंची म्हणून, कधी कारण न सांगता.

"दरवेळी बाबा नवीन काढायचे," तू म्हणालीस. "त्यांना वाटायचं, लाइट चुकला."

मी कॅमेरा आत ठेवला. आपण तिथंच बसलो, तू घरून आणलेला चिवडा खाल्ला. तिथल्या रखवालदारानं मूठ पुढं केली, तू त्यालाही दिलास. त्याला तिखट लागला आणि तू किती हसलीस. तो हसरा चेहरा माझ्याजवळ कुठल्याच फोटोत नाही. मी काढला नाही याचं मला वाईट वाटत नाही. फक्त कधी कधी भीती वाटते की मी तो विसरेन.

आजार कळला तेव्हा तो पोटात पसरलेला होता. उपचार झाले, केस गेले, तू डोक्याला रंगीत रुमाल बांधून कामावर जात राहिलीस. मग जाता येईना. बाबांना तू फोनवर एवढंच सांगायचीस की ट्रीटमेंट चालू आहे, येण्याची घाई करू नका. हे तू का करतेस, हे मी तुला विचारणार होते. रोज विचारणार होते.

शेवटच्या दिवसांत तुला हॉस्पिसमध्ये हलवलं, तिथली ती दुपार तुला आठवते का, माहीत नाही. औषधांनी तू अर्धवट झोपेत असायचीस. खिडकीबाहेर बाग होती, एक म्हातारे इंग्लिश गृहस्थ व्हीलचेअरवर बसून सिगारेट ओढत होते. तुला बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "सुजाता, मला आता वाटतं, तुझंच बरोबर होतं. तो बुरूज पाडायला नको होता."

तू डोळे उघडलेस. "खरंच वाटतं?"

"हो."

"खोटं बोलून राहिली." आवाज अगदी बारीक होता. "मी आजारी आहे म्हणून तू हरायचं नाही. मग मी भांडू कोणाशी?"

मग मी म्हणाले, बरं, पाडला ते योग्यच केलं, अत्यंत कुरूप होता. तू समाधानानं मान हलवलीस आणि झोपलीस. आपलं शेवटचं धड बोलणं ते. लोक म्हणतात शेवटी काहीतरी मनातलं बोलून घ्यावं. आपण बुरुजावर बोललो. तू माझ्यासाठी काय होतीस, ते मी त्यात कुठं घालणार होते?

बाबांचा व्हिसा एकदाचा आला. ते विमानात होते तेव्हा तू गेलीस. पाऊणशे वर्षांचा माणूस, पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेला, आणि आम्हाला त्यांना कळवायला काही मार्ग नव्हता. अजय आणि मी हीथ्रोला गेलो. सगळ्या रस्ताभर मी वाक्य जुळवत होते. ते ट्रॉली ढकलत बाहेर आले, कानटोपी, स्वेटरवर कोट. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अजयकडे पाहिलं.

"दोघंही आले," ते म्हणाले. "एक जण तरी तिच्याजवळ थांबला असता."

मला काही सांगावंच लागलं नाही.

अंत्यविधीच्या पत्रिकेवर छापायला तुझा फोटो हवा होता. माझ्याकडे नव्हता. कामावरच्या ओळखपत्रावर होता तो कोणालाही तू वाटणार नाही असा. बाबा म्हणाले, "मी आणले आहेत ना," आणि बॅगेतून एक मोठं पाकीट काढून आमच्या डायनिंग टेबलावर पसरलं. निळी साडी. गुलाबी साडी. खुर्चीला धरून. पुस्तक हातात. उजवीकडून लाइट, डावीकडून लाइट, खिडकीचा उजेड. मी त्या टेबलापाशी उभी राहिले आणि मला कळेना काय करावं. तू जे मला सांगितलं होतंस ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्यासाठी ते तुझे सगळ्यात चांगले फोटो होते. प्रत्येकात कोण जाणे किती वेळ त्यांनी तुझ्याकडे बघितलं असेल.

त्या सगळ्यांत एक होता, त्यात तू कॅमेऱ्याकडे बघत नव्हतीस. तोंड वळवून बाजूच्या कोणाला तरी काहीतरी बोलत होतीस, भुवया चढवून. म्हणजे भांडत होतीस.

"तो बिघडलेला आहे," तुझे बाबा, माझे काका, म्हणाले. "तो चुकून आला. हलली ती."

"काका, हाच देऊ या?"

त्यांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "पाठवायच्या लायकीचा नव्हता म्हणून माझ्याजवळच राहिला," म्हणाले. "हाच द्या."

क्रेमेटोरियममध्ये साउथॉलहून उपासक मंडळी आली होती, पांढऱ्या कपड्यांत. त्यांनी काकांना जयभीम केला आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बसली, जणू जुनी ओळख असावी. त्रिसरण, पंचशील झालं. काकांचा आवाज सगळ्यांत स्पष्ट होता. हेलन मागच्या रांगेत होती. तिला शब्द येत नव्हते, पण हात जोडलेले तिनं शेवटपर्यंत सोडले नाहीत. बाहेर आल्यावर मी तिला त्या नोंदीबद्दल विचारलंच. ती म्हणाली, आता सगळं कॉम्प्युटरवर गेलं आहे, नोंद होती तशीच गेली, तिला ती बदलता येईल असं वाटत नाही. "शी वॉज राइट टु बी अँग्री विथ मी," म्हणाली. मला तिच्यावर रागवायचं होतं, जमलं नाही.

तू काम करायचीस ती जागा काकांना बघायची होती. हेलननं तो फोटो काढून ठेवला. काकांनी हात मागं बांधून, स्पर्श न करता बघितला. खांबांकडे बघितलं, वरच्या खोपट्याकडे बघितलं, बाईकडे आले आणि थांबले. "हिचं नाव काय?" त्यांनी मला विचारलं. मी हेलनला विचारलं. हेलन म्हणाली, माहीत नाही, कोणी लिहून ठेवलं नाही. मी ते मराठीत सांगितलं. काकांनी खोलीभर नजर फिरवली. तळघर, खिडकी नाही. "इथं बसायची होय," म्हणाले. "अंधारातच. मी डार्करूममध्ये बसायचो तशीच." आणि पहिल्यांदा रडले. हेलननं त्यांना तुझी खुर्ची दिली.

तुझ्यामुळे मला एक खोड लागली आहे, सुजाता. कुठलाही फोटो बघताना मी आधी कडेला बघते. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये मांडवाच्या कोपऱ्यात एक बाई पत्रावळी उचलते आहे, ती मला इतकी वर्षं दिसलीच नव्हती. मी आईला फोन करून तिचं नाव विचारलं. आईला आठवलं नाही, पण ती म्हणाली, शोधते. हे मी तुला सांगायला हवं होतं. तू म्हणाली असतीस, उशिरा का होईना.

काका पुढच्या आठवड्यात परत जातात. तुझ्या अस्थी घेऊन जाणार आहेत. आमच्याकडेच राहतात. सकाळी सगळ्यांच्या आधी उठतात, चहा तेच करतात, आणि मला केटल वापरू देत नाहीत; चहा उकळला पाहिजे म्हणतात. आज सकाळी मी वर कपड्यांच्या घड्या घालत होते. खालून हाक आली.

"सुजाता, चहा झाला."

गॅस बंद केल्याचा आवाज आला. त्यांना कळलं होतं. ते खाली तसेच उभे असणार, गाळणं हातात घेऊन.

मी इतके दिवस त्यांना काका म्हणते. घडी घातलेला टॉवेल बाजूला ठेवला आणि जिन्यातून म्हणाले, "आले, बाबा."